उसन्या नावाचा धनी

चौतीस वर्षं मी बँकेत काढली आणि त्यातला बराच काळ लोकांची नावं जुळवून बघण्यात गेला. पासबुकावर एक, रेशनकार्डावर दुसरं आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरं असं दिसलं की माझ्यातला अधिकारी जागा व्हायचा. १९८६च्या सुमारास मी तालुक्याच्या एका शाखेत होतो. एक बाई आल्या. वडिलांनी लग्नाआधी त्यांच्या नावे ठेवलेली मुदत ठेव मोडायची होती. घरात कुणाचं तरी मोठं दुखणं होतं. ठेवीच्या पावतीवर माहेरचं नाव, हातातल्या कागदावर सासरचं. आडनाव बदललेलंच, शिवाय लग्नात ताटातल्या तांदळांवर लिहून पहिलं नावही बदललेलं. मी त्यांना तीन खेपा घालायला लावल्या. दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून आणा, म्हणून सांगितलं. नियमाप्रमाणं माझं काही चुकलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला काम झालं. बाईंनी पैसे मोजले, पदराला बांधले आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. ते न बघणं मी अजून विसरलेलो नाही.

नोकरी सुटली तरी नावांचा नाद सुटला नाही. मदर तेरेसा यांचं मूळ नाव एकदा नीट उलगडून बघावं असं मनात आलं आणि मी भलत्याच मुलखात जाऊन पोहोचलो. त्यांचा जन्म १९१० साली स्कॉपये शहरातल्या एका अल्बेनियन कॅथॉलिक घरातला. जन्मनाव आन्येझे गोंजे बोयाजिऊ. त्यातलं आन्येझे हे ख्रिस्ती संतिणीचं नाव, म्हणजे आपल्या परिचयाचं ॲग्नेस. गोंजे म्हणजे कळी. उर्दू शायरीतला गुंचा तोच, फारसीतून तुर्कीत आणि तुर्कीतून अल्बेनियन भाषेत गेलेला. बोयाजी हा तुर्की शब्द, अर्थ रंगारी. म्हणजे संपूर्ण नावात मूळचं अल्बेनियन असं जवळजवळ काही नाही! तरी त्या अल्बेनियन घरातल्याच. पुढं त्या कोणाच्या, यावरून त्यांच्या जन्मगावच्या स्लाव्ह आणि अल्बेनियन लोकांत बरीच ओढाताण झाली, ती निराळी.

हे वाचताना ज्या माणसाशी माझी गाठ पडली, त्याच्याविषयी आज सांगायचं आहे. अल्बेनियाचा तो राष्ट्रपुरुष. राजधानी तिरानाच्या मुख्य चौकाला त्याचं नाव आहे आणि १९६८ साली, त्याच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली तेव्हा, तिथं त्याचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. युरोपीय पुस्तकं त्याला स्कंदरबेग म्हणतात. मी ते दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं तेव्हा एकदम उजेड पडला. हा तर आपला सिकंदरबेग! अलेक्झांडरचा फारसी-अरबीत झाला इस्कंदर, आपल्याकडे सिकंदर. आणि बेग हा मानाचा तुर्की किताब आपल्या बखरींतही पावलोपावली भेटतो. तुर्कांशी पंचवीस वर्षं झुंजलेल्या ख्रिस्ती वीराचं नाव तुर्कांनीच ठेवलेलं, आणि त्यानं ते मरेपर्यंत टाकलं नाही.

त्याचं बाप्तिस्म्याचं नाव ग्येर्ग्य, म्हणजे जॉर्ज. घराणं कास्त्रिओतींचं. हे आडनाव गढी किंवा किल्ला या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं. मूळ शब्द लॅटिन. जन्म १४०५च्या आसपासचा. बाप उत्तर अल्बेनियाच्या डोंगराळ मुलखातला सरदार. एका बाजूला समुद्रकाठावर व्हेनिसची ठाणी, दुसऱ्या बाजूला सर्ब राजे, आणि पूर्वेकडून दरवर्षी पुढं सरकणारे उस्मानी तुर्क, अशा तिघांच्या मध्ये त्याची जहागीर होती. या बापाचं नाव काय, असं विचाराल तर उत्तर कागदागणिक बदलतं. अल्बेनियन इतिहासात तो ग्योन. लॅटिन पत्रांत योहान्नेस. स्लाव्ह कागदांत इव्हान. तुर्की दप्तरात यूवान. नाव एकच, जॉन, आणि तेही मूळ हिब्रू! माझ्या शाखेत तो खातं उघडायला आला असता तर मी त्याला किती प्रतिज्ञापत्रं मागितली असती, देव जाणे.

त्याचा धर्मही असाच सोयीनं फिरला. व्हेनिसकडे झुकला की कॅथॉलिक, सर्बांकडे झुकला की ऑर्थोडॉक्स. यात ढोंग फारसं नसावं. त्या डोंगरात दोन्ही पंथांची देवळं शेजारी शेजारी होती आणि जो धनी तारील त्याच्या देवळात जाण्याची रीत होती. १४२० साली त्यानं रागुसाच्या, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकच्या, व्यापाऱ्यांना आपल्या मुलखातून माल नेण्याचा परवाना दिला. तो कागद स्लाव्ह भाषेत आहे. १४२६च्या सुमारास त्यानं आथोस पर्वतावरच्या हिलांदार या सर्ब मठाला दोन गावांचं उत्पन्न इनाम दिलं. त्या दानपत्रात त्याच्यासोबत चारही मुलांची नावं आहेत, त्यांत धाकटा ग्येर्ग्य. पुढं त्यानं त्याच मठातल्या एका बुरुजात राहण्या-जेवण्याचा हक्क साठ फ्लोरिन मोजून घेतला. त्याचा एक मुलगा रेपोश तिथंच वारला, तिथंच पुरला गेला. त्या बुरुजाला नाव पडलं अल्बेनियन बुरूज. सर्ब मठ, स्लाव्ह कागद आणि अल्बेनियन बुरूज. आजच्या राष्ट्रवाद्यांना ही तीन वाक्यं एका श्वासात म्हणणं फार जड जातं.

आता या घरातली मुलं बघा. मुलगे चार: रेपोश, स्तानिशा, कोन्स्तान्दिन आणि ग्येर्ग्य. मुली पाच: मारा, येलेना, मामित्सा, आंजेलिना, व्लाइका. आईचं नाव व्होइसावा. स्तानिशा, व्लाइका, व्होइसावा ही उघड स्लाव्ह वळणाची नावं. कोन्स्तान्दिन रोमन सम्राटाचं, आंजेलिना आणि ग्येर्ग्य ग्रीक मुळाची, मारा थेट बायबलमधली. एका पंगतीत एवढ्या भाषा!

यावरून दोन देशांचे विद्वान शंभर-दीडशे वर्षं भांडत आलेत. सर्ब म्हणणार, नावं स्लाव्ह, कागद स्लाव्ह, मठ सर्ब, तेव्हा माणसं आमची. अल्बेनियन म्हणणार, दिब्रा आणि पोलोगच्या पट्ट्यावर १४व्या शतकात सर्ब सम्राट दुशानचं राज्य होतं, त्यामुळं दरबारी भाषा आणि देवळातली नावं स्लाव्ह झाली; रक्त आमचंच. आईविषयीचा वाद तर फारच गमतीचा. व्होइसावाचा बाप ट्रिबाली लोकांपैकी होता असं जुन्या चरित्रकारानं लिहून ठेवलंय. ट्रिबाली ही ख्रिस्तपूर्व काळातली एक टोळी, कधीच नाहीशी झालेली. पण बायझंटाइन लेखक पांडित्य दाखवायला सर्बांना ट्रिबाली म्हणत. म्हणजे सर्बांचं हे नावही उसनंच. दुसरा पक्ष म्हणतो की ती मुझाका या अल्बेनियन घराण्यातली. माझ्यापुरतं विचाराल तर मला ती स्लाव्ह घरातली असावीसं वाटतं, आणि त्यानं कुणाचं काही बिघडतं असं वाटत नाही. पण मी तिरानात राहत नाही.

उस्मानी सुलतानाचं मांडलिकत्व पत्करलं की सरदारानं आपला मुलगा ओलीस द्यायचा. ग्योनच्या धाकट्या मुलाच्या वाट्याला ते आलं. एदिर्नेच्या राजवाड्यात तो वाढला, मुसलमान झाला, तलवार आणि घोडा शिकला. तिथं त्याला इस्कंदर म्हणू लागले. थोरल्या अलेक्झांडरसारखा शूर निघाला म्हणून, अशी आख्यायिका. नव्यानं मुसलमान झालेल्या ख्रिस्ती पोरांना ठेवायच्या ठरावीक नावांपैकी ते एक असेल, हेही तितकंच संभवतं. वीसएक वर्षं त्यानं इमानानं चाकरी केली आणि बेग झाला.

उस्मान्यांच्या हिशेबाच्या वह्या मात्र बघण्यासारख्या. अल्बेनियाच्या सांजाकाची १४३१-३२ची जमीनमोजणीची वही आजही आहे. तुर्की इतिहासकार हालिल इनाल्चिक यांनी ती १९५४ साली छापली. गाववार घरं, उत्पन्न, जहागीरदार सगळं नोंदलेलं, आणि जहागीरदारांत मुसलमानही आहेत, ख्रिस्तीही आहेत. कारकुनाला महसुलाशी मतलब, माणसाच्या मुळाशी नाही. १४३७ साली बाप वारला. इस्कंदर काही काळ क्रुयाच्या किल्ल्यावर सुलतानाचा अंमलदार होता. त्याला नऊ गावांची जहागीर मिळाली, ती पूर्वी बापाच्या हातची. दप्तरात त्या मुलखाला नाव होतं यूवान-इली, यूवानची भूमी. बापाची भूमी, बापाच्याच नावानं, पण सुलतानाच्या मेहेरबानीनं मुलाला खायला मिळालेली! सगळी बापाची जहागीर मात्र मिळाली नाही. अशा वेळी माणसाच्या मनात काय शिजत असेल, हे मी कादंबरीकार म्हणून लिहू शकेन. आज लिहीत नाही.

नोव्हेंबर १४४३. निशच्या लढाईत हंगेरीच्या यानोश हुन्यादीनं तुर्कांना मागे रेटलं. त्या गोंधळात इस्कंदरबेग तीनशे अल्बेनियन स्वार आणि पुतण्या हमझा यांना घेऊन सुलतानाच्या फौजेतून निसटला. क्रुयाला पोहोचला. सुलतानाच्या नावाचं बनावट फर्मान दाखवून त्यानं किल्ला ताब्यात घेतला, असं सांगतात. (बँकेच्या भाषेत सरळसरळ बनावट दस्तऐवज. राष्ट्रं अशीही उभी राहतात.) २८ नोव्हेंबरला किल्ल्यावर लाल कापडावर काळा दुतोंडी गरुड चढला, असं परंपरा मानते. १९१२ साली अल्बेनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं ते याच तारखेला आणि आजचा राष्ट्रध्वज तोच आहे. तो गरुडही बायझंटाइन सम्राटांकडून आलेला. तोच सर्बांच्याही झेंड्यावर आहे, तिथं पांढरा.

तो पुन्हा ख्रिस्ती झाला. आता लेझ गावी मार्च १४४४ मध्ये जमलेल्या सरदारांपुढं त्यानं इस्कंदर हे नाव सोडून दिलं असतं तर ते साहजिक होतं. ते त्यानं केलं नाही. लॅटिन पत्रांत तो ग्येर्ग्य कास्त्रिओती लिहायचा आणि पुढं, ज्याला स्कंदरबेग म्हणतात तो, अशी पुस्ती जोडायचा. मी यावर पुष्कळ विचार केला. एक व्यवहारी कारण दिसतं. सैनिकांना आणि शत्रूला तो या नावानंच माहीत होता. वीस वर्षं घासूनपुसून मिळवलेली पत कोण सोडतो? दुसरं असं वाटतं, की ग्येर्ग्य हे बापानं दिलेल्या लहान मुलाचं नाव. त्या मुलाला बापानं ओलीस देऊन टाकलं होतं. जो परत आला तो वेगळाच माणूस होता. हा माझा तर्क, याला कागद नाही.

पुढची पंचवीस वर्षं लढायांची. त्या सगळ्या सांगत बसलो तर पुरवणी पुरायची नाही. डोंगराचा आडोसा, थोडे लोक, रात्रीचे छापे, रसद तोडणं, म्हणजे ज्याला आपण गनिमी कावा म्हणतो तेच त्याचं तंत्र. १४५० साली सुलतान दुसरा मुराद स्वतः क्रुयाला वेढा घालून बसला. आत दीड-दोन हजार शिबंदी, बाहेर डोंगरात स्कंदरबेग. हिवाळ्याच्या तोंडाशी सुलतानाला वेढा उठवावा लागला आणि पुढच्याच वर्षी तो वारला. १४६६ आणि १४६७ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकणारा दुसरा मेहमद आला, त्यालाही क्रुया मिळालं नाही. पण या काळात तो फक्त तुर्कांशी लढला असं समजू नये. १४४७-४८ मध्ये व्हेनिसशीही लढला, आणि १४५१ मध्ये नेपल्सच्या राजाचं मांडलिकत्व पत्करलं. घरभेदीही निघाले. निशहून त्याच्यासोबत पळून आलेला पुतण्या हमझा १४५७ मध्ये सुलतानाला मिळाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या लढाईत काकाच्याच हाती लागला. त्याला नेपल्सच्या कैदेत धाडण्यात आलं. हमझा हे नाव घेऊन तो आला होता, त्याच नावानं गेला.

१४६० मध्ये नेपल्सच्या गादीचा तंटा पेटला आणि स्कंदरबेगानं राजा फेरान्तेच्या बाजूनं फौज पाठवली. विरुद्ध बाजूच्या तारान्तोच्या राजपुत्रानं पत्रातून अल्बेनियन लोकांना हिणवलं. त्याला स्कंदरबेगानं जे उत्तर दिलं ते इतिहासात प्रसिद्ध आहे. आपण एपिरसच्या पिरस राजाचे वारस, असा त्याचा आशय. रोमनांना याच इटलीत धूळ चारणारा, पण ज्याचे विजय हरण्याइतके महाग पडले, तो हा पिरस, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातला. अलेक्झांडरचंही नाव त्यानं घेतलं. अलेक्झांडरची आई एपिरसचीच ना! दोघंही ग्रीक जगातले, मधे सतराशे वर्षांचं अंतर, आणि वंशावळ कुणाकडेच नाही. तुर्कांनी दिलेल्या नावाला त्यानं असा एक पूर्वज जोडून घेतला. व्हिएन्नाच्या संग्रहालयात त्याचं म्हणून दाखवतात त्या शिरस्त्राणावर बकऱ्याचं शिंगवालं डोकं आहे, आणि पिरसच्या शिरस्त्राणावरही बकऱ्याची शिंगं होती असं प्लुटार्कनं लिहिलंय. योगायोग म्हणावा की नाही, ज्यानं त्यानं ठरवावं.

अल्बेनियन लोकांच्या नावाचंच पाहा ना. बाहेरचे त्यांना अर्बानी, अल्बानी, तुर्क अर्नाऊत म्हणत. ते स्वतःला आज श्किप्तार म्हणवतात आणि हे नाव स्कंदरबेगाच्या कितीतरी नंतर रुळलं. त्यांची भाषा मात्र खरी त्यांची. इंडो-युरोपीय कुळातली ती एकटी शाखा, जवळची बहीण नसलेली. त्या भाषेतलं सर्वांत जुनं तारखेचं वाक्य स्कंदरबेगाच्या हयातीतलं आणि त्याच्या सहकाऱ्याच्या लेखणीतलं आहे. दुर्रेसचा आर्चबिशप पाल एन्ग्येली यानं नोव्हेंबर १४६२ मध्ये आपल्या पाद्र्यांसाठी एक लॅटिन पत्र काढलं. डोंगरातली खेडी दूर, वाटेवर तुर्कांची भीती, पोर जगतं की मरतं अशी अवस्था. तेव्हा पाद्री पोहोचला नाही तर घरच्यांनीच बाप्तिस्मा द्यावा म्हणून त्यानं ते मंत्रवाक्य लोकांच्या भाषेत लिहून दिलं. हे पत्र आज फ्लोरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. एका लोकसमूहाची लिखित भाषा मला तरी अशा घरगुती कामासाठी दुसरीकडे कुठं उमटलेली माहीत नाही. नवजात पोराच्या कपाळावर पाणी, आईच्या किंवा बापाच्या तोंडी ते वाक्य. त्या क्षणी ठेवलेलं नाव बहुधा ग्रीक, लॅटिन किंवा स्लाव्ह असणार. वाक्य अल्बेनियन.

१४६८च्या जानेवारीत त्यानं लेझला पुन्हा सरदारांची बैठक बोलावली. बैठकीआधीच तापानं, बहुधा मलेरियानं, त्याला गाठलं. १७ जानेवारीला तो गेला. दहा वर्षांनी क्रुया पडलं आणि लेझही. तुर्क शिपायांनी त्याची कबर उकरली आणि हाडांचे तुकडे ताईत करून गळ्यात बांधले, अशी कथा आहे. ती सांगितली मारिन बार्लेतीनं. हा श्कोद्रचा पाद्री, गाव तुर्कांच्या हाती गेल्यावर व्हेनिसला गेलेला. सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रोममध्ये त्याचं लॅटिन चरित्र छापलं गेलं आणि युरोपभर वाचलं गेलं. त्यात पत्रं, भाषणं पदरची घातलेली आहेत. मी त्याला दोष देत नाही. कादंबरीकारानं दुसऱ्या कादंबरीकाराला काय बोलायचं? ग्रंथाच्या नावातच त्यानं नायकाला एपिरसवासीयांचा राजा करून टाकलं, ते मात्र पुढच्यांना पुरलं.

मग ज्याला जसा हवा तसा स्कंदरबेग मिळत गेला. १९व्या शतकात ग्रीकांनी त्याला ग्रीक म्हटलं, सर्बांनी सर्ब. अल्बेनियनांत बहुसंख्य घरं तोवर मुसलमान झालेली. तरी त्याच्यावर १८९८ मध्ये महाकाव्य लिहिलं ते नाइम फ्राशेरी या बेक्ताशी पंथातल्या कवीनं. आज स्कंदर हे नाव अल्बेनियन मुसलमान घरांत सर्रास ठेवतात. अहमद झोगोल्ली नावाच्या सरदारानं आडनावातलं तुर्की शेपूट छाटून ते झोगू करून घेतलं, १९२८ साली राजा झाला आणि स्वतःला तिसरा स्कंदरबेग म्हणवून घेतलं. स्कंदरबेगाच्या मामित्सा या बहिणीच्या वंशातला आपण, असाही त्याचा दावा होता.

कम्युनिस्ट राजवटीनं तर कहर केला. १९६७ मध्ये देश निरीश्वरवादी ठरला आणि १९७५ मध्ये सरकारी फर्मान निघालं की धर्माचा वास असलेली अयोग्य नावं बदलावीत. मग आग्रोन, तेऊता, गेंत्स अशी प्राचीन इलिरियन राजाराण्यांची नावं बाळांना ठेवायला उत्तेजन मिळालं. इलिरियन हे अल्बेनियनांचे पूर्वज असावेत असं अनेक अभ्यासक मानतात, पण त्यांच्या भाषेतलं सलग वाक्य एकही शिल्लक नाही. उरलीत ती नावंच. दुसरी गंमत अशी की १८३०च्या दशकात क्रोएशियातल्या स्लाव्हांनीही आपल्या चळवळीला इलिरियनच म्हटलं होतं. एकाच पणजोबावर दोन्ही घरांचा हक्क. नंतर १९९०च्या दशकात राजवट कोसळली, लाखो अल्बेनियन पोटासाठी ग्रीसमध्ये गेले, आणि काम मिळावं म्हणून कित्येकांनी ग्रीक नावं घेतली. कुणी बापाच्या नावासकट बदलली. त्यांना कोणी विचारलं नाही की मूळ कुठलं. विचारलं ते नाव काय. माझ्या काउंटरसमोरच्या त्या बाई मला इथं पुन्हा आठवल्या.

२००८च्या सुमारास ऑलिव्हर येन्स श्मिट या स्विस इतिहासकारानं स्कंदरबेगाचं नवं चरित्र लिहिलं. आई स्लाव्ह असावी, आणि बंडामागं बापाचा सूड हे कारण होतं, असं त्यानं मांडलं. अल्बेनियन भाषांतर निघताच तिरानात गदारोळ झाला. वर्तमानपत्रं, प्राध्यापक, पुढारी सगळे तुटून पडले. सहाशे वर्षांपूर्वीच्या एका आईच्या माहेरावरून!

स्कॉपये शहरात वार्दार नदीच्या एका तीराला, जुन्या बाजाराशी, अल्बेनियन वस्तीत २००६ मध्ये स्कंदरबेगाचा अश्वारूढ पुतळा बसला. पाच वर्षांनी पलीकडच्या तीरावर स्लाव्ह मॅसिडोनियनांच्या सरकारनं भल्यामोठ्या खांबावर आणखी एक स्वार चढवला. अधिकृत नाव घोड्यावरचा योद्धा, पण सगळं गाव जाणतं की तो अलेक्झांडर. ग्रीस चिडलं, वाद वाढला, अखेर २०१९ मध्ये देशानंच आपलं नाव बदलून उत्तर मॅसिडोनिया करून घेतलं. नदीच्या दोन्ही काठांना मिळून दोन सिकंदर झाले.

हे सगळं रक्तावरून भांडणारे लोक स्कंदरबेगाच्या सोयरिकी सहसा सांगत नाहीत. त्याची बायको दोनिका अरिअनीती घराण्यातली. तिची बहीण आंजेलिना सर्बांच्या अंध राजपुत्राला, स्तेफान ब्रांकोविचला दिलेली; तुर्कांनी त्याचे डोळे काढले होते. सर्ब ऑर्थोडॉक्स चर्च आज तिला माता आंजेलिना म्हणून संत मानतं. म्हणजे अल्बेनियाच्या राष्ट्रपुरुषाची मेव्हणी सर्बियाची संतीण! त्याच्या मुलाचं नाव ग्योन, आजोबांचंच. बापाच्या मृत्यूनंतर तो आईबरोबर समुद्रापार नेपल्सच्या राज्यात गेला, तिथं जोव्हान्नी झाला, आणि त्याची बायको ब्रांकोविचांचीच मुलगी.

बहीण मारा झेताच्या, म्हणजे आजच्या माँटेनेग्रोच्या, स्तेफान त्सर्नोयेविचला दिली होती. तिचा मुलगा इव्हान. या इव्हानच्या मुलांपैकी ज्यूराज, म्हणजे पुन्हा ग्येर्ग्यच, यानं १४९३ मध्ये दक्षिण स्लाव्हांतला पहिला सिरिलिक छापखाना घातला. आणि सर्वांत धाकट्याचं नाव स्तानिशा. आजीच्या भावाचं नाव. त्याला लहानपणीच इस्तंबूलला सुलतानाकडे ओलीस पाठवलं. तिथं तो मुसलमान झाला आणि त्याचं नाव ठेवलं इस्कंदर. १५१३-१४च्या सुमारास तो बापाच्या मुलखावर सुलतानाचा अंमलदार म्हणून परत आला. त्यालाही लोक स्कंदरबेगच म्हणत. पंधराएक वर्षं त्यानं कारभार केला, कर वसूल केला, आणि शेवटपर्यंत सुलतानाच्या चाकरीत राहिला.